गोळ्यांचा कोट

मास्तरांना शिवण उसवायचा मोठा तिटकारा. साठ वर्षं मशीनवर बसले, हजारो कोट-पँटी शिवल्या, पण उसवायचं काम समोर आलं की तोंड असं व्हायचं जसं कुणी चहात मीठ घातलंय. गिऱ्हाईक पोटावर ताणलेला कोट घेऊन यायचं आणि म्हणायचं, "मास्तर, सगळा उसवून नव्याने बसवा." मास्तर चष्म्यावरून बघायचे.

"कोट चांगलाय. पोटाचं काय ते तुम्ही बघा."

"पोट कमी होत नाही हो!"

"मग आधीचं चालू ठेवू. बाजूला एक पट्टी घालतो, कुणाच्या बापाला कळणार नाही."

आणि खरंच कळायचं नाही. पट्टी अशी बेमालूम बसायची की गिऱ्हाईक आरशात वळून वळून बघायचं. 'आधीचं चालू ठेवा आणि वर काय हवं ते सांगा', हेच त्यांच्या दुकानाचं बोधवाक्य म्हणा ना. पाटीवर लिहिलं नव्हतं इतकंच.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे एक मोठी काच, काचेआड मशीन, मशीनच्या डाव्या हाताला मास्तरीणबाईंची खुर्ची. काज-बटणाचं काम लग्न झाल्यापासून बाईंचं. चाळीस-बेचाळीस वर्षं त्यांनी त्या खुर्चीत बसून काजं केली, आणि काजही असं की भिंगाखाली धरलं तरी टाका इकडचा तिकडे नाही. मागच्या भिंतीला काचेच्या बरण्या, बरण्यांत बटणं. प्रत्येक रंगाला बाईंनी आपलं नाव दिलेलं. पांढरं असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. दुधी, चुनखडी, तांदळी. पिवळ्यातही हळदी वेगळं आणि लिंबी वेगळं. मास्तर नुसता हात मागे करायचे, "अगं, हळदी दोन," आणि हातावर दोन बटणं पडायची.

म्हातारपण आलं आणि या देवघेवीची दिशा उलटी झाली. आता हात बाई पुढे करायच्या आणि त्यावर मास्तर ठेवायचे. बटणं नव्हे, गोळ्या.

बाईंचं हृदय नीट ठोके देत नसे. मध्येच दोन ठोके पटपट, मग एक गाळलेला. डॉक्टरांनी सांगितलं, अशाने आत रक्ताची गुठळी होते आणि ती डोक्यात गेली तर माणूस लुळं पडतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची एक गोळी, रक्तदाबाची एक, अंगातलं पाणी काढायची एक, आणि साखरेची एक. एकाही गोळीचं इंग्रजी नाव सरळ वाचता येईल असं नाही. चकचकीत पाकीट, त्यावर मुंगीएवढी अक्षरं, आणि मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन दोनदा ठरलं आणि दोनदा त्यांनीच पुढे ढकललं. डोळ्याला पट्टी बांधून पडलो तर हिला गोळ्या कोण देणार?

मग त्यांनी तो कोट शिवला.

कोटाच्या अस्तराचं उरलेलं राखी कापड घेतलं, दाराच्या मागे टांगता येईल असा बिनबाह्यांचा आकार कापला आणि त्यावर तीन ओळींत खिसे बसवले. वरची ओळ रोज सकाळी द्यायच्या गोळ्यांची, खालच्या दोन त्यांच्याच साठ्याच्या. प्रत्येक खिशाला झाकण, झाकणाला काज, आणि बटण त्याच रंगाचं ज्या रंगाची आतली गोळी. रक्त पातळ करायची पिवळी, म्हणून हळदी बटण. रक्तदाबाची दुधी. पाण्याची विटकरी. साखरेची चुनखडी. काजं बाईंनीच केली, खुर्चीत बसून, धाप लागली की थांबत थांबत.

"जन्मभर लोकांना कोट शिवलेत," बाई म्हणाल्या, "मला शिवलात तो असला. ना बाह्या, ना कॉलर."

"तुला बाह्या कशाला? हात तर सारखा माझ्यापुढेच पसरलेला."

"पसरीन नाही तर काय! द्या मास्तर."

रोज सकाळी आठ वाजता हाच शब्द. तळहात पुढे आणि "द्या मास्तर". मास्तर कोटापुढे उभे राहायचे, डोळे मिटून देवाला एकच मागणं मागायचे. माझ्या हातून चुकू देऊ नकोस, आणि मला हिच्या आधी नेऊ नकोस. मग पहिलं बटण काढायचे. दोन वर्षं झाली, एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. परगावी राहणारी लेक फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही एकोणऐंशीचे, ती चौऱ्याहत्तरची. इथे माझ्या घराजवळ सेवाघर आहे, चोवीस तास नर्स असते. आईला आणू या." मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "माझ्या हातून आजवर एक तरी गोळी चुकली का? सांग. एक तरी?" लेक फोन ठेवून द्यायची.

बाईंनाही जायचं नव्हतं. "तिथे माझ्या खुर्चीत दुसरंच कुणी बसेल," त्या म्हणायच्या. सगळा जीव या एकाच गोष्टीत अडकलेला, की आपण आपल्या घरात, या काचेपाशी, एकमेकांच्या हाताखाली शेवटपर्यंत राहायचं.

थंडीच्या सुरुवातीला बाईंच्या पायांवर सूज आली आणि आडवं झालं की दम कोंडायला लागला. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तरुण डॉक्टर चांगला होता, पण त्याच्या हाताखाली चाळीस खाटा. कागद पुढे धरून त्याने विचारलं, "आजी, घरी कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?"

बाईंनी बोटं मोजली. "हळदी एक, दुधी एक, विटकरी, आणि चुनखडी."

डॉक्टर हसला. "वा! बऱ्याच रंगीत आहात." आणि त्याला काय हवं ते जुन्या केसपेपरवरून उतरवून घेतलं.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. जिन्याजवळच्या बोळात, स्ट्रेचर ये-जा करत होते तिथे, त्याने मास्तरांच्या हातात कागद आणि एक पिशवी दिली. "आजोबा, आधीचं चालू ठेवा. या पिशवीतली एकेक रोज सकाळी, खंड पडता कामा नये. पंधरा दिवसांनी रक्त तपासायला या." आणि तो गेला, कारण मागून कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

आधीचं चालू ठेवा. मास्तरांना एवढं सरळ वाक्य त्या सहा दिवसांत कुणी बोललं नव्हतं. याचा अर्थ त्यांना कुणी समजवायची गरज होती का? आधीची शिवण उसवायची नाही, वर नवी पट्टी घालायची. घरी आल्याबरोबर त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. एकाच जातीची पाकिटं, आत फिकट गुलाबी गोळ्या. गुलाबी त्यांच्याकडे नव्हतीच, म्हणजे ही नवी. कोटाच्या वरच्या ओळीत त्यांनी पाचवा खिसा जोडला. बरणीतून बटण शोधताना बाई म्हणाल्या, "ते नको, ते फार गडद आहे. लहान मुलीच्या फ्रॉकचं होतं ते घ्या."

पिशवीतली गोळी रक्त पातळ करायचीच होती. हॉस्पिटलात दुसऱ्या कंपनीची येत होती, म्हणून रंग वेगळा. डॉक्टरच्या मनात आधीचं म्हणजे रक्तदाबाचं, पाण्याचं आणि साखरेचं. कागदावर सगळं लिहिलेलं होतं. तो कागद मास्तरांनी नीट चौघडी करून कोटाच्या वरच्या खिशात ठेवला, बटण लावून.

"द्या मास्तर," दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, आणि हातावर बघून, "अगोबाई, आज पाच?"

"पाहुणी आलीय."

"किती दिवस राहणार?"

"राहू दे ना. तुला काय जड होतेय?"

बाईंनी पाण्याच्या घोटाबरोबर पाचही गिळल्या.

आठवडा गेला असेल नसेल. बाईंच्या दंडावर निळा डाग दिसला, रुपयाएवढा. मग मांडीवर एक. मास्तरांनी विचार केला, ही खाटेच्या काठावर आपटते. त्यांनी जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या कापल्या, आत कापूस भरला आणि खाटेच्या चारही कडा गादीसारख्या मऊ करून टाकल्या. टाकेही असे घातले की टोचू नयेत. दात घासताना बाईंच्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा ते जाऊन मऊ ब्रश घेऊन आले. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे उपाय होता. फक्त सगळे उपाय बाहेरून लावायचे होते.

पंधराव्या दिवशी गाडी करून बाईंना रक्त तपासायला नेलं. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, रक्त घेणारी बाई रजेवर आहे, आणि चिठ्ठीवर दहा दिवसांनंतरची तारीख टाकून दिली.

"घाई नाही ना हो?" मास्तरांनी विचारलं.

"घाई असती तर डॉक्टरांनी तसं लिहिलं असतं."

मास्तरांना वाटलं, बरोबर आहे. डाग दाखवावेत असं एकदा मनात आलं, पण त्यांच्या मागे रांग होती आणि बाई बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली.

त्याच आठवड्यात लेक आली. आईची वेणी घालताना बाही वर सरकली आणि तिला दंड दिसला. तोवर डाग तळहाताएवढा झाला होता, कडेने पिवळा, मध्ये जांभळा.

"बाबा, आई पडते का?"

"नाही गं. आपटलं असेल कुठे."

"कुठे? तुम्ही तर खाटेला उशा शिवल्यात." तिने आईची बाही खाली ओढली. मग म्हणाली, "हे बघा, मी आता भांडत नाही. पण पुढच्या वेळी आले आणि असा दुसरा डाग दिसला, तर मी तिला नेणार. तुमचं काहीही ऐकणार नाही."

लेक गेली. मास्तर मशीनवर बसले, पण पायडल काही मारलं नाही. बाई खुर्चीतून म्हणाल्या, "ती खरंच नेईल हो."

"नेईल."

"माझ्या सगळ्या झग्यांच्या बाह्या कोपरापर्यंतच आहेत."

मास्तर उठले, कपाटातून तिचे चार झगे काढले. प्रत्येकाच्या रंगाशी जुळेल असं कापड शोधलं आणि मनगटापर्यंत पट्ट्या जोडल्या. आधीची शिवण न उसवता. बाईंनी कफाला काजं केली. या वेळी सुई दोनदा बोटात गेली आणि रक्त थांबता थांबेना, तेव्हा मास्तरांनी बोटाला चिंधी गुंडाळली. काम मात्र इतकं सुरेख झालं की पाहणाऱ्याला वाटावं, झगे मुळातच तसे घेतलेत. पुढच्या रविवारी लेक आली, आईजवळ बसली, चहा प्याली. काही दिसलं नाही तिला. जाताना बापाला म्हणाली, "रंग उतरलाय तिचा, पण बाकी बरी दिसते. सांभाळताय हं तुम्ही."

मास्तरांना त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यांनी देवाचे आभार मानले. डोळे मिटून, हात जोडून, मनापासून. देवाने तो नमस्कार कुठे ठेवला असेल कोण जाणे.

त्यानंतर चौथ्या दिवशीची सकाळ. चिठ्ठीवरची रक्त तपासायची तारीख दुसऱ्या दिवशीची होती. बाई उठल्या त्याच कपाळ दाबत. "डोकं ठणकतंय." मास्तरांनी चहा केला. आठ वाजता हात पुढे आला, "द्या मास्तर," आणि पाचही गोळ्या पोटात गेल्या. मग बाई स्वेटरची बटणं लावायला लागल्या. मास्तर बघत होते. वरचं बटण त्यांनी खालच्या काजात घातलं. काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा चुकीच्याच काजात.

"अगं, बेचाळीस वर्षं काजं केलीस, आणि आता बटण चुकतेस?" मास्तर हसले.

बाईही हसल्या. पण हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. दुसरी बाजू तशीच राहिली, इस्त्री केल्यासारखी सपाट. हाताच्या धक्क्याने चहाचा कप खाली गेला आणि खुर्चीच्या हातावर त्यांचं डोकं कललं.

हॉस्पिटलात बाईंना लगेच आत नेलं. कात्रीने बाही कापावी लागली, सुई टोचायला शीर हवी होती. सिस्टरने कफापासून वर कात्री चालवली आणि थांबली. मनगटापासून खांद्यापर्यंत हात निळाजांभळा होता.

"काका, हे कधीपासून?"

मास्तर कापलेल्या कफाकडे बघत राहिले.

"घरची औषधं आणलीत?"

ती मात्र आणली होती. निघताना शेजाऱ्याने गाडी बोलवेपर्यंत त्यांनी दाराचा कोट काढून काखेत घेतला होता. आता त्यांनी तो टेबलावर पसरला. एवढ्या गडबडीतही सिस्टर क्षणभर बघत राहिली.

"कोणी शिवला?"

"मी. काजं तिची."

"फार सुंदर आहे," ती म्हणाली, आणि एकेक बटण काढत गेली. एक पाकीट तिने उजेडात धरलं. मग दुसरं. मग दोन्ही शेजारी शेजारी.

"काका, यांतली कोणती देत होता?"

"दोन्ही. सकाळी. एकदाही चुकलो नाही."

"ही दोन्ही एकच आहेत."

"असं कसं? एक हळदी आहे, एक गुलाबी."

"रंग वेगळा, कंपनी वेगळी. आतलं औषध एकच." तिचा आवाज खाली आला. "दुप्पट जात होतं, काका. रक्त पार पाण्यासारखं झालंय. डोक्यात रक्तस्राव झालाय त्यांच्या."

मास्तरांनी दोन्ही पाकिटांकडे बघितलं. त्यांना दोन रंग दिसत होते, बाकी काही दिसत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "आधीचं चालू ठेवायला सांगितलं होतं."

सिस्टरने वरच्या खिशातला कागद काढला, चौघडी उलगडली, वाचला, आणि पुन्हा तशीच घडी घालून ठेवला.

लेक दुपारी पोहोचली. सिस्टरने तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. कापलेली बाही अजून खाटेखाली पडली होती. लेकीने ती उचलली. जोडलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं, कफाच्या काजावरून फिरवलं. तिला कळायला वेळ लागला नाही, शिंप्याचीच मुलगी ती.

"मला का नाही दाखवलंत?"

"तू नेलं असतंस तिला."

"हो," ती म्हणाली. "नेलं असतं."

ती ओरडली असती, रडली असती, तरी मास्तरांना सोसलं असतं. तिने बाहीची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

बाई गेल्या नाहीत. एवढंच मास्तरांच्या मागण्यातलं खरं झालं, की ते तिच्या आधी गेले नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणं गेलं. दीड महिन्याने त्यांना लेकीच्या गावच्या सेवाघरात हलवलं. मास्तर लेकीकडे राहतात. मोतीबिंदूचं आता कुणी विचारत नाही, त्यांनीही तो विषय काढलेला नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी जुन्या घरात एकच काम केलं. कोट पुन्हा मांडीवर घेऊन पाचवा खिसा उसवायला बसले. जन्मात पहिल्यांदा स्वतःहून उसवायला बसले, पण टाके इतके बारीक आणि घट्ट घातलेले, आणि डोळ्यांपुढे इतका धूर, की टोकदार कात्री कापडातच गेली. भोक पडलं. खिसा निघाला नाही. तसाच कोट त्यांनी गुंडाळून ठेवून दिला.

सेवाघरात रोज सकाळी ते पावणेआठला येऊन बसतात. खोली स्वच्छ आहे, पडदे धुतलेले, खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा. तिथल्या सिस्टरना बाईंचं नाव, आजार, वजन सगळं पाठ आहे. औषध त्या कुटून नळीतून देतात.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजतात. बाईंचा डावा हात पांघरुणाबाहेर येतो, तळवा वर होतो, आणि तोंडातून अर्धा शब्द निघतो. "द्..."

डॉक्टर म्हणतात, हे समजून नव्हे, ही नुसती जुनी सवय आहे. बाकी सगळं पुसलं गेलं, एवढं राहिलं. पण हात नेमका मास्तरांकडेच येतो. सिस्टरकडे कधीच जात नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी त्यावर आपला हात ठेवला. बाईंनी बोटं मिटली, चाचपलं, हवं ते सापडलं नाही म्हणून सोडून दिलं, आणि तळवा पुन्हा उघडून पुढे धरला. दुसऱ्या दिवशीही तसंच. आता ते हात ठेवत नाहीत. द्यायला त्यांच्याजवळ काही नाही, आणि असतं तरी त्यांच्या हातून कुणी देऊ दिलं नसतं. ते स्वतःही देऊ धजले नसते.

"काका, तुम्ही थोडे उशिरा येत जा ना," सिस्टर एकदा मायेने म्हणाली. "नऊनंतर त्या शांत असतात."

"नाही," मास्तर म्हणाले. "आठची वेळ आहे तिची."

मास्तर खुर्ची ओढून खाटेजवळ बसतात, दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवतात. बाईंचा तळवा हवेत तसाच उघडा राहतो, थरथरतो, थकून खाली येतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा वर होतो. नऊच्या सुमाराला सिस्टर तो उचलून पांघरुणाखाली घालते.